आवाजी मतदान

शर्वरीनं विचारलं तेव्हा अनसूयाच्या एका हातात दुधाची पिशवी होती आणि दुसऱ्या हातानं तिनं जिन्याचा कठडा धरला होता. गुडघ्यांसाठी ती प्रत्येक वळणावर थोडी थांबायची. तशीच ती खालच्या मजल्याच्या दारापाशी थांबली, आणि दार उघडून शर्वरी बाहेर आली. ड्यूटीवरून नुकतीच आलेली असावी. पांढरा कोट खांद्यावरच होता आणि केसांची पिन तोंडात. पिन काढून ती म्हणाली, "काकू, एक विचारू? गलत समजू नका. शैलेंद्रभैयांनी मत कोणत्या बाजूनं दिलं?" कसलं मत, हे अनसूयाला लगेच कळलं नाही. मग कळलं. जिल्ह्याचे सरकारी दवाखाने खासगी संस्थांकडे चालवायला देण्याचं विधेयक मागल्या आठवड्यात भोपाळला मंजूर झालं होतं. शर्वरी त्यातल्याच एका दवाखान्यात कंत्राटी नर्स होती. नवे लोक आले की कंत्राट संपणार, असं तिला तोंडी सांगून झालं होतं. "आमच्या वॉर्डात सगळ्या विचारतात. त्यांना माहीत आहे ना, भैयांची ताई माझ्या वर राहते म्हणून." अनसूया म्हणाली, "मला नाही गं माहीत. विचारून सांगते." म्हणताना ती हसली, जसं काही आमदार झालेल्या धाकट्या भावाला, शैलूला, विचारणं म्हणजे पलीकडच्या खोलीत डोकावून विचारणं. शर्वरीला आणखी काही बोलायचं होतं. पण तिनं नुसती पिन केसांत खोचली. "आरामात सांगा काकू, घाई नाही," एवढं म्हणून ती आत गेली.

वर येऊन तिनं दूध गॅसवर ठेवलं आणि भावाला फोन लावला. फोन सुमीतनं, त्याच्या पी.ए.नं, उचलला. शैलूचा फोन गेली काही वर्षं सुमीतच उचलायचा. "दीदी, प्रणाम. भैया मीटिंग में हैं. कोई काम था?" आणि ती नेहमीसारखीच म्हणाली, "नहीं, ऐसे ही." तिला स्वतःचाच राग आला. काम होतं की. पण सुमीतला काय सांगायचं, की माझ्या भावानं सभागृहात काय केलं ते मला ठाऊक नाही, जरा सांगता का? भाऊबीजेला शैलू यायचा. गाडी खाली चालू ठेवलेली असायची, बरोबरचे दोघंतिघं जिन्यात उभे राहायचे, आणि ओवाळून होईपर्यंत त्याचा खिशातला फोन थरथरत असायचा. बाकी वर्षभर तो तिला उज्जैनच्या टावर चौकात दिसायचा, फ्लेक्सवर, हात जोडलेला. कुणाच्या तरी वाढदिवसाच्या किंवा कुठल्या तरी यात्रेच्या शुभेच्छा देत. भाजी घेऊन ऑटोची वाट बघताना ती त्या चेहऱ्याकडे बघायची. गाल गुळगुळीत केलेले. कपाळावर लहानपणी खिडकीचं दार लागून पडलेली खोक होती, ती पुसून टाकलेली. एकदा बाजूला उभ्या असलेल्या बाईनं बोर्डाकडे हात करून विचारलं होतं, "ये कौन से वाले हैं?" आणि अनसूया म्हणाली होती, "पता नहीं." असं आपण का म्हणालो, ते तिला घरी पोचेपर्यंत कळलं नव्हतं.

दूध उतू गेलं नाही. तिनं वेळेवर गॅस बंद केला. मग चष्मा पुसून ती फोन घेऊन खिडकीशी बसली. आपण विचारलं नाही तरी हे कुठेतरी लिहिलेलं असेलच, असं तिच्या मनात आलं. इतकी मोठी सभा, तिथे शिंकलेलंसुद्धा लिहून ठेवत असतील. डोळ्यांपुढे तिनं एक पान आणलंही होतं: एका बाजूला नावं, दुसऱ्या बाजूला हो किंवा नाही. शैलेंद्र पोतनीस, आणि पुढे एक अक्षर. विधानसभेची साइट उघडायला वेळ लागला. खाली नानाखेड्याच्या बस स्टँडावरून कंडक्टरच्या हाका येत होत्या, "इंदौर, इंदौर, खड़े-खड़े चलो, इंदौर." तिनं तारीख शोधली, त्या दिवसाची कार्यवाही शोधली, बोटांनी पानं वर सरकवत गेली. किती बोलतात ही माणसं. मध्येच कंसात "व्यवधान", म्हणजे कुणीतरी मध्ये ओरडलं, मध्येच कंसात "हंसी". आणि मग तिला हवी होती ती जागा आली. ती फार छोटी निघाली. अध्यक्ष महोदय: प्रश्न यह है कि विधेयक पारित किया जाए. जो पक्ष में हों वे हां कहें, जो विपक्ष में हों वे ना कहें. हां की जीत हुई, हां की जीत हुई. विधेयक पारित हुआ. त्याच्याखाली लगेच दुसरा विषय सुरू झाला होता, कुठल्याशा रस्त्याचा. तिनं मागेपुढे शोधलं. नावं नव्हतीच. आवाजी मतदान. ज्या बाजूचा आवाज अध्यक्षांना मोठा वाटला ती बाजू जिंकली. कुणी उठून मागणी केली असती तर एकेकाचं मत नावानिशी मोजावं लागलं असतं, असं तिला दुसऱ्या एका पानावर वाचायला मिळालं. पण तशी मागणी कुणी केली नव्हती.

आवाज. अनसूयाचं सगळं आयुष्य आवाजांत गेलं होतं. दादा, म्हणजे तिचे वडील, गेले तेव्हा शैलू शाळेत होता आणि ती नुकती बी.ए. झाली होती. टेलिफोन खात्यात लागली आणि कानांवर हेडफोन चढवून ट्रंक बोर्डापुढे बसली. भोपाळ, हॅलो भोपाळ, उज्जैन बोलतेय. कापडवाले, पंडे, वकील, मुलगा झाल्याचं ओरडून सांगणारे, कुणी गेल्याचं सांगताना एकदम हळू होणारे. चेहरे तिनं कुणाचे पाहिले नाहीत, पण नाव सांगण्याआधीच माणूस ओळखायची. घरी आल्यावरही तिच्या कानात तारांची घरघर राहायची. आई म्हणायची, अगं जेवताना तरी हॅलो म्हणू नकोस. तेव्हा शैलूचा आवाज फुटत होता. एकाच वाक्यात तो मुलाचा असायचा आणि बाप्याचा व्हायचा. मग तो कॉलेजात गेला, निवडणुकीला उभा राहिला, आणि कोठी रोडवर टेम्पोच्या कर्ण्यातून तोच आवाज ऐकू आला तेव्हा ऑफिसातल्या मैत्रिणी तिला ढोसून म्हणाल्या होत्या, पोतनीस, तुझा भाऊ! तिला किती अभिमान वाटला होता. अजूनही वाटतो का, असं कुणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. पुढे खात्यानं बोर्ड काढून टाकले, लोक आपले आपण फोन लावू लागले. आता तर सगळं घरच गप्प होतं. दिवसात कधी कधी दूधवाल्याशी आणि कुकरशी बोलणं व्हायचं, तेवढंच.

मत नाही कळलं, तर निदान तो त्या दिवशी हजर होता का ते बघावं, म्हणून तिनं त्याचं नाव शोधलं. नाव होतं. नुसता हजर नव्हता, बोललाही होता. विधेयकावरच्या चर्चेत, बाजूनं. तिच्या प्रश्नाचं उत्तर खरं तर तिथेच मिळालं होतं. फोन खाली ठेवून शर्वरीला हाक मारली असती तरी चाललं असतं. पण ती वाचत गेली. सुरुवातीला आकडे होते, डॉक्टर किती, खाटा किती. ती वाक्यं शैलूची नव्हती, कुणीतरी लिहून दिलेली होती. मग पुढे: "अध्यक्ष महोदय, मैं आंकड़ों की बात नहीं करूंगा, मैं अपनी मां की बात करूंगा." अनसूयानं चष्मा काढला आणि पुन्हा लावला. सिंहस्थाचं वर्ष होतं, असं त्यानं सांगितलं होतं. माझी आई सरकारी वॉर्डात होती. मी तिचा हात हातात घेऊन बसलो होतो. ती पाणी मागत होती. मी सिस्टरला बोलवायला पुन्हा पुन्हा धावत गेलो, कोणी आलं नाही. माझ्या आईनं माझ्या डोळ्यांसमोर तहानेनं प्राण सोडला. आणि इथे मला कुणी सांगू नये की सरकारी दवाखाना गरिबाचा आधार असतो. खाली कंसात लिहिलं होतं: मेजों की थपथपाहट.

तिनं फोन पालथा ठेवला. बाहेर ऊन अजून होतं. समोरच्या गच्चीवर कुणाच्या तरी मिरच्या वाळत घातल्या होत्या, आणि ती त्या मिरच्यांकडे बघत राहिली. आई गेली ती भर दुपारी. सिंहस्थामुळे गावात माणसांचा पूर लोटला होता, रस्ते बंद होते, जिकडे तिकडे बांबू बांधलेले. पण वॉर्ड शांत होता, कूलरचा तेवढा आवाज. खिडकीला ओला पडदा लावलेला, त्यातून येणारा हिरवट उजेड आईच्या तोंडावर पडला होता. विजया सिस्टर म्हणून एक होती, सावळी, उंच, कमी बोलणारी. तिची ड्यूटी कधीच संपली होती. बदलीची मुलगी गर्दीत अडकली होती, येऊ शकत नव्हती, म्हणून विजया थांबली होती. कापसाचा बोळा पाण्यात बुडवून ती आईच्या ओठांवर टेकवायची. आई तो लहान मुलासारखा चोखायची. आईला दिसणं तोवर बंद झालं होतं, पण कान होते. सारखी विचारायची, शैलू आला का? शैलू रामघाटाकडे कुठे तरी होता, गळ्यात पास घालून, कुण्या मंत्र्याच्या स्नानाच्या व्यवस्थेत. त्याच्याकडे नवा मोबाइल होता, तो लागत नव्हता. ज्या बाईनं आयुष्यभर साऱ्या गावाचे फोन जोडून दिले, तिला स्वतःचा भाऊ लागेना. वॉर्डाबाहेरच्या फोनवरून ती पुन्हा पुन्हा नंबर फिरवत होती. शेवटी विजयाच बाहेर आली आणि म्हणाली, "दीदी, अब फोन छोड़ दीजिए. पास बैठिए." ती जाऊन बसली. आईनं परत विचारलं, शैलू आला का? आणि अनसूया म्हणाली, "हो आई. आलाय. हा बघ." आणि तिनं आपला हात आईच्या हातात दिला. बांगड्या वाजू नयेत म्हणून त्या आधी कोपरापर्यंत सरकवल्या. आईनं तो हात चाचपला, घट्ट धरला, आणि म्हणाली, "किती वाळलास रे." तेवढंच. थोड्या वेळानं तो हात सैल झाला.

संध्याकाळी शैलू आला तो दवाखान्याच्या पायऱ्यांवरच कोसळला. शर्टाला गुलाल लागलेला, पाय चिखलात. "ताई, मी नव्हतो, मी नव्हतो गं," म्हणून तो डोकं आपटून घ्यायला लागला. तेव्हा तिनं त्याला जवळ घेऊन सांगितलं होतं, "अरे, तिला तूच वाटलास. ती तुझाच हात धरून गेली. तुझंच नाव घेऊन. किती वाळलास रे, म्हणाली." त्या बोलण्यानं त्याचं रडणं थांबलं होतं. तिला तेव्हा बरं वाटलं होतं. आपण दोघांनाही काहीतरी देऊ शकलो, आईला आणि ह्यालाही, असं वाटलं होतं. आपल्याला काय उरलं, हा प्रश्न त्या दिवशी डोक्यात आला नव्हता, आणि नंतर तो विचारायला कुणी नव्हतं. पण ती दुपार तिची होती. इतकी वर्षं ती तिनं पुरती कुणाला सांगितली नव्हती, आणि सांगितली नव्हती म्हणूनच ती होती तशी राहिली होती, त्या ओल्या पडद्यासकट. आता ती भोपाळला छापून आली होती, आणि तिच्यात अनसूया नव्हती. विजयाही नव्हती.

एका वृत्तवाहिनीनं त्या दिवसाच्या कामकाजाचा तुकडा टाकलेला होता, तो तिला सापडला. भाषण तिनं ऐकलं नाही, पुढे सरकवलं. तिला फक्त शेवटचं हवं होतं. अध्यक्षांचा कंटाळलेला आवाज, आणि मग "हां". कितीतरी पुरुषांचा एकदम आलेला, जाड, घाईचा आवाज. त्यात थोड्या बायकाही. ती ते पुन्हा पुन्हा ऐकत राहिली, फोन कानाला लावून, डोळे मिटून, जशी बोर्डावर बसून ऐकायची. शैलूचा आवाज तिला हजारांत ओळखू आला असता. "ह" म्हणताना त्याचा श्वास आधी सुटायचा, लहानपणापासून. पण त्या आवाजात कुणीच वेगळं नव्हतं. एकदा वाटलं, हा. पुढच्या खेपेला तोच कुणी दुसरा वाटला. कान दुखायला लागला तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण त्याचा आवाज सापडावा म्हणून ऐकतोय की सापडू नये म्हणून, हेच आपल्याला कळत नाही.

ऊन कलल्यावर तिनं पुन्हा फोन लावला. सुमीतनं उचलला. "दीदी, कोई काम?" ती म्हणाली, "हां. काम है. उनको दीजिए." बहुधा तिच्या आवाजात काहीतरी असावं, कारण तो पुढे काही बोलला नाही. चालण्याचा, दार उघडण्याचा आवाज आला. मग शैलू. "ताई? काय झालं? तब्येत?"

"तब्येत बरी आहे. तुझं भाषण वाचलं."

"कोणतं गं?" आणि मग, आवाज खाली आणून, "अच्छा. ते. ताई, तुला आधी सांगायला हवं होतं मी. बोलताना मलाच भरून आलं होतं. सगळं हाउस गप्प झालं होतं, विरोधी सुद्धा."

"शैलू, तू नव्हतास तिथे."

"होतो ना."

तो इतक्या सहज म्हणाला की तिला क्षणभर आपलीच शंका आली. "तू रामघाटावर होतास. संध्याकाळी आलास. गुलाल होता तुझ्या शर्टावर."

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला. "सुरुवातीला नव्हतो. शेवटी होतो. आईनं माझा हात धरला होता ताई, मला आठवतं. किती वाळलास रे, म्हणाली. तूच तर..."

"मीच सांगितलं तुला. तो हात माझा होता."

पलीकडे मागे कुणीतरी कुणाला तरी चहा आणायला सांगत होतं. अनसूयाला त्याची दया आली, जशी त्या पायऱ्यांवर आली होती. ती सावरून म्हणाली, "ते राहू दे. ते मीच दिलं होतं तुला. पण पाणी? पाण्याचं मी नव्हतं सांगितलं. विजया सिस्टर होती तिथे, शेवटपर्यंत. ड्यूटी संपली तरी थांबली होती."

"कोण विजया?" शैलू म्हणाला.

तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"बघ ताई, भाषणात थोडं इकडचं तिकडे होतं. मुद्दा समजून घे. दुसऱ्यांच्या आया मेल्याच ना असल्या वॉर्डांत? नाही मेल्या? त्यांच्यासाठी बोललो मी."

"आणि मत? तू हां म्हणालास?"

"सगळेच म्हणाले. पार्टीचा व्हिप असतो, ताई."

"सगळ्यांचं नाही विचारत. तुझ्या तोंडून आवाज निघाला का?"

"निघाला," तो म्हणाला. मग थकल्यासारखा, पण प्रेमानं, लहान मुलीला समजवावं तसा म्हणाला, "आणि आता ते आईचं रेकॉर्डवर आहे गं. ते बदलत नसतं. तू नको परेशान होऊ. भाऊबीजेला येतो ना." मागून सुमीतचा आवाज आला, भैया, गाड़ी लग गई. फोन बंद झाला.

ती बसून राहिली. खोलीत अंधारून आलं तरी दिवा लावायचं तिला सुचलं नाही. रडू आलं नाही. आपलं घर इतकी वर्षं रिकामं होतं ते आता आणखी थोडं रिकामं झालं, असं काहीसं वाटत होतं. आई आता तिच्याकडे नव्हती. ती त्या सभागृहात, बाकं बडवणाऱ्या माणसांत, पाणी मागत पडली होती. मग खाली दाराची कडी वाजली, शर्वरीची मुलगी शिकवणीहून आली असावी, आणि अनसूयाला आठवलं की तिनं कुणाला तरी उत्तर द्यायचं कबूल केलं होतं. कठडा धरून ती एकेक पायरी उतरली.

शर्वरी कणीक मळत होती. पिठाचे हात तसेच धरून तिनं खुर्ची पायानंच पुढे सरकवली. "बसा ना काकू." अनसूया बसली आणि म्हणाली, "हां म्हणाला तो. लिहिलेलं कुठे नाही. पण त्यानंच सांगितलं." शर्वरीनं मान हलवली. तिला फारसं आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. परात बाजूला सारून ती हात धुऊन आली, पदराला पुसावेत तसे ओढणीला हात पुसत उभी राहिली.

"काकू, खरं सांगू? मला ते नव्हतं विचारायचं. ते तर आम्हाला माहीतच होतं. भैयांचं भाषण आमच्या सगळ्यांच्या मोबाइलवर फिरतंय. परवा एका पेशंटच्या मुलानं मला ते दाखवलं, सगळ्या वॉर्डासमोर. म्हणाला, देखो, तुम लोग ऐसे हो." तिचा आवाज चिरला, पण तिनं तो पुन्हा जागेवर आणला. "तुमच्या आईला खरंच पाणी नाही मिळालं का? मिळालं नसेल तरी सांगा. मला बस माहीत असायला हवं."

अनसूयानं तिच्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत त्या दुपारीबद्दल तिला कुणी काही विचारत होतं ते हे पहिल्यांदाच. ती म्हणाली, "मिळालं." आणि मग ती सांगू लागली. आधी अडखळत, मागचं पुढे करत, अर्धं हिंदीत अर्धं मराठीत, जशी विजयाशी तेव्हा बोलली होती. ओला पडदा सांगितला, कापसाचा बोळा सांगितला, न लागणारा फोन, विजयाचं ते पास बैठिए. शर्वरी तिच्यासमोर जमिनीवरच बसली होती, गुडघ्यांभोवती हात घालून. ती मध्ये अरे अरे म्हणाली नाही, की डोळेही पुसले नाहीत. ड्यूटी बदलताना एक नर्स दुसरीकडून पेशंट समजून घेते, तशी ती ऐकत होती. अनसूया हातापर्यंत आली आणि थांबली, तेव्हा शर्वरीनं विचारलं, "सलाइन कोणत्या हाताला होती, काकू?"

"डाव्या," अनसूया लगेच म्हणाली. "उजव्याला सूज आली होती. उजव्यानं धरलं तिनं मला."